पुसण्याआधी मालकाला विचारा

हॅलो? … हॅलो, ठके? … हो, मीच दिला होता मिस्ड कॉल. … नाही गं, काही झालेलं नाही, सगळे ठणठणीत आहेत. … अगं ठणठणीत म्हणते ना! तुझे भाऊजी समोर बसून चहात बिस्किटं बुडवतायत. अर्धं कपात पडलं की माझ्याकडे बघतात, जसं काही मीच पाडलं.

थांब, तुला स्पीकरवर टाकते, हाताला खळ आहे. … हं, बोल आता. … खळ गं, चिकटवायची. ग्रंथालयाची चौदा पुस्तकं आलीत बांधायला, एकूण एक पाठीतून सुटलेली. … रविवार असला म्हणून काय? फाटक्या पुस्तकाला वार कळत नाही.

आणि हे बघ, माझ्या फोनची बॅटरी लाल झालीय, तेव्हा मध्ये मध्ये तोडू नकोस. … नाही लावता येत चार्जिंगला. टेबलाजवळ एकच प्लग, आणि तो अडकलाय. … कशात म्हणजे? तेच सांगायला तर फोन केला. … बरं बाई, मिस्ड कॉल केला, फोन तू केलास. झालं समाधान?

तुझा लॅपटॉप. … जुना गं, काळा, झाकणावर ओरखडा असलेला. … हो, तोच. घर बदललंस तेव्हा पिशवीत कोंबून दिलास आणि म्हणालीस, ताई, जाता जाता कचऱ्यात टाक. … नाही टाकला. … अगं निघाले होते टाकायला! जिन्यापर्यंत गेले. तिथे पिशवीत डोकावले आणि परत फिरले. … मला काय विचारतेस का? जी बाई चाळीस वर्षं लोकांची फाटकी पुस्तकं शिवतेय, तिच्या हातात तू कचऱ्यात टाकायची वस्तू देतेस? चूक तुझी आहे.

तर तो चालू झालाय. … चा-लू झा-ला-य. … हो, माझ्या टेबलावर, पुठ्ठ्यांच्या शेजारी, दिवा लागल्यासारखा. … विंडोज नाही गं, विंडोज कधीच दमलं होतं. तुला आठवतं ना, ते ठिपके गोल गोल फिरायचे? मी परवा ते ठिपके सुरू केले आणि शेजारी बसून एक अख्खं पुस्तक शिवलं. गाठ मारली, दोरा तोडला, वर बघते तर ठिपके आपले फिरतायत. … हो, मलाही घेरी आली.

मग ग्रंथालयातल्या बाईंना विचारलं. … त्या नाहीत का, कॉम्प्युटरच्या टेबलाशी बसतात, चष्म्याला दोरी असते. पुस्तकं पोचवायला गेले तेव्हा लॅपटॉपही नेला बरोबर. त्यांनी उलटा केला, सुलटा केला, कानाशी धरला. … खरंच कानाशी धरला! आणि म्हणाल्या, यंत्र उत्तम आहे हो तुमचं, फक्त त्याच्या अंगावरचं ओझं उतरवायला हवं. ठके, मला त्या क्षणी बाई इतक्या आवडल्या. मी पुस्तकांबद्दल हेच सांगत असते लोकांना. पानं चांगली आहेत हो, फक्त बांधणी गेलीय.

तर त्या म्हणाल्या, लिनक्स घाला. … लि-न-क्स. … ऑपरेटिंग सिस्टिम असते ती. विंडोजच्या जागी. आणि फुकट. … झालं, हसलीस. … नाही, नाही, फसवणूक नाही. ऐक ना. मीही हेच विचारलं. म्हटलं, बाई, फुकट ते पौष्टिक हे मला माहीत आहे, पण यात गोम काय? तर म्हणाल्या, गोम नाही. जगभरची माणसं मिळून ती लिहितात, आणि आतलं सगळं उघडं ठेवतात. कोणीही बघावं, कोणीही चूक काढावी, सुधारावी, पुढच्याला द्यावी. … का म्हणजे? आवडतं म्हणून. तू नाही का ड्यूटी संपल्यावर वॉर्डातल्या आजारी पोरांपाशी तासभर बसून राह्यचीस? तुला कोण काय देत होतं?

… बरं. नाही बोलत वॉर्डाचं.

तर बाईंनी मला एक पेनड्राइव्ह दिला आणि नऊ कार्डं. … कार्डं गं, ग्रंथालयात पूर्वी खणात असायची ना, पुस्तकांच्या नावांची, जाड? आता ती कोणी वापरत नाही, म्हणून त्यांच्या पाठीवर बाईंनी मला एकेक पायरी लिहून दिलीय. कार्ड एक, चार्जरची वायर नीट लावा, कारण लॅपटॉपची बॅटरी मेलेली आहे, मध्येच वायर निघाली तर सगळं मुसळ केरात. म्हणून तो प्लग अडकलाय. कार्ड दोन, पेनड्राइव्ह लावा. कार्ड तीन, सुरू करताना वरच्या ओळीतलं बारा नंबरचं बटण दाबत राहा. … मी कसलं दाबतेय! ते बटणच उडालंय. तिथे मी पुठ्ठ्याचा तुकडा कापून चिकटवला. … चालतो की! झकास चालतो. पुठ्ठ्याला कमी लेखू नकोस.

आणि मग काय सांगू तुला, मराठीत आलं गं सगळं. 'स्वागत' म्हणून. एवढ्या वर्षांत त्या लॅपटॉपने माझं कधी स्वागत केलं नव्हतं. तुझे भाऊजी उठून बघायला आले. … हो, बिस्किट टाकून.

आता मला लेबलं छापता येतील. पुस्तकाच्या पाठीवरची नावं मी अजून हाताने लिहितेय, आणि हात आता थरथरतो थोडा. … थोडाच गं. वयाचा. घाबरू नकोस, तू लगेच सिस्टर होतेस.

बरं, आता मुद्द्याचं. मी कार्ड सातवर आलेय आणि तिथे अडलेय. … वाचते. 'यापुढे जुनी डिस्क पूर्ण पुसली जाईल. पुसण्याआधी मालकाला विचारा.' खाली दोन रेघा मारल्यात बाईंनी. तर मी विचारतेय. मालक तू.

… अशी घाईने नको म्हणूस ना 'पुसून टाक'. … नाही, ऐक. आत्ता हा जो चालतोय ना, तो पेनड्राइव्हवर चालतोय. तुझं जुनं सगळं आत जसंच्या तसं आहे. पासवर्ड नाही, ठिपके नाहीत, कपाटाचं दार उघडावं तसं सगळं समोर दिसतंय. मी एकेक फोल्डर वाचून दाखवते, तू हो-नाही म्हण. … काही नाहीये म्हणतेस, तरी एकदा…

… ठके, मला ठाऊक आहे काही नाहीये. मला नाही ठाऊक तर कोणाला असणार?

… बोलू दे गं मला. सहा वर्षं आपण दोघी त्या विषयाला वळसा घालून चालतोय, ओल्या फरशीला घालतात तसा. तू पित्ताशयाच्या ऑपरेशनला दवाखान्यात होतीस, मी तुझ्या घरी पंधरा दिवस राहिले, आणि तुझं घर आवरता आवरता तुझा लॅपटॉपही आवरला. कोणी सांगितलं होतं मला? कोणीही नाही. स्क्रीनवर ती कचऱ्याची टोपली दिसली, भरलेली. मी रिकामी केली. 'कायमचं पुसायचं का?' असं त्याने मला विचारलं, आणि मी एकटीनेच 'हो' दाबलं. तू घरी आलीस, आणि तुझा गेंडा गेलेला.

… हो, घेतलं नाव. आपल्या घरात त्या प्राण्याचं नाव कोणी काढत नाही, पण आज मी काढणार. बावीस प्रकरणं होती. वीस वर्षं त्या पोरांना गेंड्याची गोष्ट सांगत आलीस, बेडच्या कडेला बसून, सुई टोचायच्या आधी. तेव्हा कुठे ते कागदावर… लॅपटॉपवर उतरलं. आणि मी ते एका बोटाने घालवलं. तू मला एक शब्द बोलली नाहीस. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. तू नुसतं म्हणालीस, जाऊ दे ताई. आणि लिहिणंच सोडून दिलंस.

… तू विसरलीस ते तुझं मोठेपण. मी नाही विसरले. म्हणून आज तू हो म्हटल्याशिवाय मी एक बटण दाबणार नाही. बावीस प्रकरणांनंतर एवढं तरी शिकले मी.

… हं. वाचू? … वाचते.

'ड्यूटी'. … पुसू. बरं. 'फोटो सहल'. … ते दिलेत तू सगळ्यांना, पुसू. 'गाणी'. … सगळी फोनवर आहेत. 'पत्रं ऑफिस'. … कसली गं? … बदलीचे अर्ज! सात आहेत, ठके. सातही वेळा मागितलीस आणि सातही वेळा रद्द करायचा अर्ज तूच दिलास? … हो, इथे आहे की, दोन्ही शेजारी शेजारी. तुला तो वॉर्ड सुटत नव्हता, हेच खरं. पुसू ना? … पुसू.

'प्रिंटर'. … हो, तुझा तो जुना, कागद चावणारा. … नाही, उघडून बघते. … काही नसू दे, कार्ड सहावर लिहिलंय, प्रत्येक फोल्डर उघडून बघा. मी बाईंचं ऐकणार. … अगं बाई, हे केवढं! माहितीपुस्तक आहे, अठरा भाषांत. कागद अडकला तर काय करावं, अठरा भाषांत. … हो ना, एका भाषेत निघाला नाही तो कधी.

आणि खाली एक…

…

… आहे मी. आहे. थांब जरा.

खाली एक फोल्डर आहे. 'सुटी पानं'.

… नाही. हे तुझं नाही, ठके. तू असं नाव देणारच नाहीस. तू कशालाच नाव देत नाहीस, तुझं आपलं नवीन डॉक्युमेंट एक, नवीन डॉक्युमेंट दोन. 'सुटी पानं' हे माझं आहे. माझ्या कामातलं. पुस्तक उसवलं की जी पानं निसटतात, ती मी पाकिटात घालते आणि वर लिहिते सुटी पानं. आणि ते पाकीट…

… थांब गं, आठवू दे. पाकीट उघड्यावर ठेवायचं नाही, वाऱ्याने उडतं. दुकानात सगळ्यात जड जे असेल त्याच्याखाली सरकवायचं. दाबाच्या यंत्राखाली, नाहीतर शब्दकोशाखाली. हा आमच्या कामाचा पहिला धडा, मी अकरा वर्षांची असताना शिकलेला. … अगं म्हणून तर! तुझ्या स्क्रीनवर सगळी चिठोरी पसरली होती, इकडे एक, तिकडे एक. मला ते बघवेना. मी ती गोळा केली, एका फोल्डरमध्ये घातली, आणि मग बघत बसले… देवा, आता आठवतंय मला… कुठलं फोल्डर सगळ्यात जड आहे ते बघत बसले! माऊस नेऊन धरला की आकडा दिसायचा. तेव्हा हेच सगळ्यात जड होतं. अठरा भाषांचं. मी ती पानं त्याच्याखाली ठेवली, ठके. उडू नयेत म्हणून.

… आणि टोपली नंतर रिकामी केली. टोपलीत कचराच होता बहुतेक. त्या 'कायमचं पुसायचं का'ने माझी अशी काही गाळण उडाली की आधीचं सगळं डोक्यातून गेलं. तू म्हणालीस गेंडा गेला, मला वाटलं त्या टोपलीतूनच गेला. दुसरं काही सुचलंच नाही. … तू तरी प्रिंटरच्या फोल्डरमध्ये कशाला बघशील? कोण बघतं तिथे! आणि तो दुरुस्तीवाला म्हणाला ना तुला, टोपली रिकामी केली म्हणजे संपलं. संपला विषय.

उघडते. … हात पुसू दे आधी. … अहो, तो पंचा द्या इकडे. … नाही, तुम्हाला नंतर सांगते.

नवीन डॉक्युमेंट एक. दोन. तीन. … सात, आठ… बावीस आहेत, ठके. बावीस.

… हॅलो? … आहेस ना? … मी वाचते पहिलं. मराठी नीट दिसतंय का बघायला हवं ना. ऐक हं.

'गेंड्याला सर्दी झाली. गेंड्याची सर्दी ही काही साधी गोष्ट नसते. तो एकदा शिंकला आणि वॉर्डातल्या सगळ्या चादरी उडून खिडकीला चिकटल्या. डॉक्टर टेबलाखाली गेले. सिस्टर म्हणाली, डॉक्टर, बाहेर या, अजून दोन शिंका बाकी आहेत.'

… हसतेयस की रडतेयस? … दोन्ही. बरं. चालू दे, मीही तेच करतेय. तुझे भाऊजी बावचळून बघतायत आणि हसतायतही, त्यांना चादरी फार आवडल्या.

… नाही, ठके, मला बोलायचंय हे. मला माफ कर गं. पुसल्याबद्दल नाही, पुसलं नव्हतंच. ठेवून विसरले त्याबद्दल. सहा वर्षं ते तुझ्याच घरात होतं, तुझ्या कपाटात, आणि मी तुला ते सांगू शकले नाही. … माहीत नव्हतं हे खरं. तरी माफ कर. … कर म्हणते ना! एकदा तोंडाने म्हण. … हं. झालं. किती बरं वाटलं म्हणून सांगू. छातीवरचा दाबच काढला कोणीतरी.

… आणि तुझी पण चूक आहे, सांगून ठेवते. बावीस प्रकरणांपैकी एकाला तरी नाव द्यायचंस. एकाला! 'गेंडा' असं दोन अक्षरांत लिहून होतं. शोधलं असतं तर सापडलं असतं. … हो, ताई असूनही बोलणार. ताई आहे म्हणूनच बोलणार.

आता आधी कॉपी. … करतेय, करतेय. लेबलांचा पेनड्राइव्ह आहे माझा, रिकामाच आहे, लेबलं अजून कुठे छापलीत. … जाताहेत. पट्टी सरकतेय हिरवी. … झाली! गेंडा असून इतका हलका? … कार्ड आठ काय म्हणतं, ऐक. 'कॉपी केली म्हणजे झाली असं नाही. उघडून बघा.' ही बाई म्हणजे ना, हिला मी माझ्या दुकानात ठेवून घेतली असती. … उघडलं. एक आहे, पाच आहे, सतरा… बावीस. सगळी उघडतात. थांब, दुसऱ्या पेनड्राइव्हवर पण घेते. … आहे गं, तुझ्या भाऊजींच्या गाण्यांचा. … अहो, तुमची दोन-चार गाणी जाणार आहेत बघा. … ते म्हणतात, सगळी घालव.

झालं. दोन ठिकाणी. आता ऐक. आता विचारते तुला, मालकाला, रीतसर. पुसू? … नीट, मोठ्याने सांग. … अजून एकदा. … दाबलं.

दाबलं गं. तू हो म्हणालीस आणि मी दाबलं. … पट्टी चाललीय. वीस-पंचवीस मिनिटं लागतात म्हणे. मध्येच विचारतोय, या संगणकाला काय नाव द्यायचं? … मी काय देणार ते तुला कळलंच असेल. या घरात इथून पुढे एकही वस्तू बिननावाची राहणार नाही. … हो, गेंडाच. … ओरखडा आहेच की अंगावर, शोभतं.

आता पुढचं. सव्वीस करणार होतीस ना तू? चार राहिलीत. … आता कोणासाठी म्हणजे? … पोरं मोठी झाली, हे कारण झालं? नवी पोरं यायची थांबलीत का? सुया टोचायच्या थांबल्यात का? आणि मोठ्यांचं काय, तुझे भाऊजी रक्त द्यायला गेले की छताकडे बघून पाढे म्हणतात. सतराचा. … हो, सतराचाच, तो येत नाही म्हणून. … अहो, खोटं आहे का? … बघ, पुन्हा बिस्किट बुडवायला लागले.

… ठके. तुला एक दाखवायचंय, पण फोनवर दाखवता येत नाही, म्हणून सांगते. तुझी वीस प्रकरणं झाली होती तेव्हा तू मला म्हणाली होतीस, ताई, बांधून तू द्यायचं. आठवतं? … मी दुसऱ्याच दिवशी पुठ्ठे कापले. दोन. कडा घासून गुळगुळीत केल्या, पोरांच्या हाताला लागू नयेत म्हणून. राखाडी कापड आणलं, गेंड्याच्या रंगाचं, आणि पाठीची पट्टी कापली. … मग ते झालं. टाकवेना. आणि समोर ठेवून बघवेनाही. मोठ्या दाबाखाली सारून दिले. सहा वर्षं त्याच्यावर पुस्तकं दाबतेय मी. आत्ता माझ्या कोपराशी आहेत. काढते थांब… हं. काय सरळ झालेत, आरशासारखे.

आणि ऐक, पाठ मी मापापेक्षा रुंद सोडली होती. बोटभर. … का म्हणजे? तुला पाल्हाळ लावायची सवय आहे, मला माहीत नाही का! दोन पानांचं पत्र लिहायला बसतेस आणि आठ पानं करतेस. म्हटलं, ही वाढवणारच. आता बावीस प्रकरणं त्यात घातली तर पुस्तक आत डुगडुगणार. सैल पाठीचं पुस्तक मी कधी कोणाला दिलेलं नाही, आणि या वयात देणारही नाही. तेव्हा ती बोटभर जागा भरायची तुझ्याकडे लागली.

… 'विचार करते' असं नाही म्हणायचं. पुढचा रविवार. तू ये इकडे. हा लॅपटॉप तुझा, मला लेबलांपुरता सकाळी दे. तू खिडकीशी बसून लिही, मी शिवते. … पुठ्ठ्याचं बटण आहे बारा नंबरचं, ते लागत नाही लिहायला, घाबरू नकोस.

आणि मला आत्ता एक सांग. बाविसावं मी मघाशी उघडलं ना, तेव्हा शेवट वाचला. चोरून. अर्ध्यातच थांबलंय गं! … हो. 'सिस्टर म्हणाली, बाही वर करा. गेंडा म्हणाला, मला बाही नाही. सिस्टर म्हणाली, मग' आणि संपलं. पुढे काहीच नाही! मग काय? … पोरांना तरी सांगितलं असशीलच. … मला पण सांग ना. सहा वर्षं त्या गेंड्यापायी मी झोपले नाही, मला कळायला नको? … पुढच्या रविवारी नाही, आत्ता. … अगं फोन लाल आहे माझा, भाव खाऊ नकोस.

… हं. … हं. … अहो, जवळ या, ती सांगतेय. … मग? … चादर? कुठली चादर? … खिडकीला चिकटलेली! हो, हो. … मग? … सुईत दोरा? इंजेक्शनच्या सुईत नाही ना? … दुसरी. शिवणाची. हं, तरीच. … गेंडा काय म्हणाला? … हाहा! … अहो, तो म्हणतो, टोचणार तर नाही ना ही पण! … मग सिस्टर काय म्हणाली? … हं… … मग? …

मग?

हॅलो? … ठके? हॅलो?

अगं… गेला. गेला फोन. काळा झाला.

अहो, तुमचा फोन द्या. लवकर द्या हो! सिस्टरने गेंड्याला बाही शिवायला घेतलीय.